दक्षिण गोव्यातल्या सासष्टी भागातली जुनी घरे आणि चर्च : स्वतः गाडी चालवून एक दिवस (अनुभव धागा)

मडगाव – राय – लोटली – रायतूर – कुडतरी – चांदर – केपे – मडगाव. एकूण ५०-६० किलोमीटर, पण पूर्ण दिवस लागतो. जाणकारांनी वेळा, वाटा, अडचणी लिहाव्यात. सुरुवात मी करतो. सकाळी ८ ला निघा. बहुतेक चर्च दुपारी बंद असतात, त्यामुळे चर्च सकाळी आणि घरे १० नंतर हाच क्रम सोयीचा. रविवार टाळा, सकाळभर मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) चालू असते, आत हिंडता येत नाही आणि गाड्यांमुळे दारात जागाही नसते. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, टोपी बाहेरच काढा.

चारचाकी
गाडी भाड्याची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतलीत तर तपासणीत दंड तुम्हालाच. लहान गाडीच घ्या. रायतूरला जुन्या किल्ल्याची कमान रस्त्यावरच उभी आहे, तिथून एका वेळी एकच वाहन जाते. शेतांमधल्या रस्त्यांना कडेची पट्टी नाही. पावसाळ्यात समोरच्याला वाट द्यायला चाक खाली उतरवलेत की चिखलात रुतलेच. त्यापेक्षा मागे घेऊन रुंद जागी थांबा. माडाखाली गाडी लावू नका. पेट्रोल मडगावातच भरा.

रायतूरप्रेमी
मराठी वाचकाने रायतूर चुकवू नये. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’, म्हणजे बायबलची कथा सांगणारे मराठी ओवीबद्ध काव्य, १६१६ साली इथेच छापले गेले. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. इथल्या सेमिनरीची (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाची) पायाभरणी १६०६ ची. तिथे आजही विद्यार्थी राहतात आणि शिकतात, म्हणून आतले दालन विचारूनच पाहायचे. जुन्या मार्गदर्शिकांत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय इथे असल्याचे लिहिलेले असते. ते केव्हाच जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात गेले. त्यासाठी इकडे येऊ नका. कुडतरीचे सांत आलेक्स चर्च (१५९७) तळ्याकाठी आहे, वाटेतच लागते.

कौलारू
घर कसे बघायचे ते लिहितो. आधी बल्कांव, म्हणजे दारापुढचा सोपा पाहा: पायऱ्या, दोन्ही बाजूंना बांधीव बाक, वर छप्पर. मग खिडक्या. काच महाग होती तेव्हा शिंपल्यांचे चौकोन कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवत. ऊन गाळून आत येते, डोळ्यांवर येत नाही. एखादा शिंपला फुटला तर तसा मिळणे अवघड, म्हणून बऱ्याच खिडक्यांत मधेच काच दिसते. हात लावू नका, पट्ट्या ठिसूळ झालेल्या असतात. भिंती जांभ्याच्या. गिलावा निघाला की पावसात जांभा झिजतो, त्यामुळे दरवर्षीची डागडुजी चुकत नाही. घर बघायला आपण देतो ते मानधन त्याच कामी येते, घासाघीस करू नये.

लोटलीत १७५७ चे आल्वारीस घर तिकिटावर बघता येते. फिगेरेदो घरासाठी आधी फोन हवा. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचे घर खासगी आहे, रस्त्यावरूनच बघा आणि दारात गाडी उभी करू नका.

चांदरवाट
@कौलारू, शिंपल्यांबद्दल अगदी खरे. चांदरच्या ब्रागांझा घराची गोम अशी की घर एक, पण दोन शाखांचे दोन भाग. जिना चढलात की एका बाजूला मेनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या बाजूला ब्रागांझा परेरा, मानधनही वेगवेगळे. सुटे पैसे ठेवा. पत्रकार लुईश द मेनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा ग्रंथसंग्रह पहिल्या भागात, तर दुसऱ्या भागातल्या खासगी चॅपेलमध्ये (घरातल्या छोट्या प्रार्थनाघरात) सेंट झेवियरच्या नखाचा अवशेष. फोटोचे नियम प्रत्येक भागाचे निराळे, विचारल्याशिवाय फोन काढू नका. दोन्हींना मिळून सव्वा तास धरा.

चांदरचे रेल्वे फाटक मालगाड्यांमुळे वारंवार बंद असते, वीस मिनिटे हाताशी ठेवा. ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त (चर्चचा सण). त्या दिवशी गाडी गावाबाहेर लावून चालत जा.

चारचाकी
केपेचा डीनचा (चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूचा) वाडा (१७८७) शेवटी ठेवा. कुशावतीकाठची बाग संध्याकाळी छान दिसते. जेवण हवे असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवावे लागते.