सोन्याचा मुलामा, लेप, कवच की थर?

एका आरोग्यविषयक लेखाचं मराठी करते आहे. सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवर सोनं चढवतात, ते रक्तातून औषध घेऊन जातात आणि प्रकाशाच्या साह्यानं त्यांच्यावर लक्ष ठेवलं जातं, असा विषय. मी शीर्षक केलंय: 'सोन्याचा मुलामा दिलेल्या सिलिकॉन अब्जांश कणांचे प्रकाशीय निरीक्षण'. (अब्जांश म्हणजे नॅनो.) 'मुलामा' चालेल का?

—

आधी 'सिलिकॉन' काढा. सिलिका म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, वाळूतला मुख्य घटक. सिलिकॉन हे चिपमधलं मूलद्रव्य, आणि सिलिकोन तिसरंच, रबरासारखं.

'मुलामा'चा अर्थ जुळतो, छटा जुळत नाही. मुलामा म्हटलं की आत हलकं, वर दिखाऊ असंच मनात येतं. इथे सोनं शोभेला नाही, प्रकाश पकडायचं काम तेच करतं. निव्वळ सोन्याचे छोटे कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचं द्रावण माणकासारखं लाल दिसतं. पण 120 नॅनोमीटरचा सिलिकाचा गाभा आणि त्यावर 15 नॅनोमीटर सोनं, असा कण केला की तोच शोषणबिंदू 800 च्या आसपास, अवरक्तात सरकतो. त्या पट्ट्यात रक्त आणि ऊती प्रकाशाला कमी अडवतात. सोनं आणखी पातळ केलं तर तो अजून पुढे जातो, जाड केलं तर मागे येतो. मी 'सुवर्णकवची कण' म्हणेन. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हालास यांच्या गटानं 1998 मध्ये हे कण मांडले, तेव्हापासून रूढ झालेल्या 'नॅनोशेल'ला ते जवळचं आहे.

—

कवच आतल्याचं रक्षण करतं. इथे आत जपण्यासारखं काही नाही! औषधही बहुतेकदा सोन्याच्या बाहेरच्या अंगाला जोडलेलं असतं, किंवा कणाभोवतीच्या जेलमध्ये. 'लेप'ही नको, तो फासतात. सोनं सिलिकावर नीट बसत नाही, म्हणून आधी पृष्ठभागावर अमाइन गट (नायट्रोजन असलेले रासायनिक गट) जोडतात, त्यांना सोन्याचे बारीक बीजकण चिकटवतात आणि मग सोन्याच्या क्षाराचं क्षपण करून ते बीजकण वाढवत एकमेकांत मिसळू देतात. म्हणजे सोनं तिथे वाढतं. साधा 'थर' पुरे.

—

थराचं तुम्ही मिटवा, मला 'निरीक्षण' खटकतंय, कारण इथे दोन वेगळी कामं आहेत. प्रयोगशाळेत थर वाढत असताना वर्णपट पाहतात, त्याला 'निरीक्षण' शोभतं. शरीरात मात्र फिरत्या कणांची रक्तातली मात्रा किती उरली ते बघायचं असतं, तिथे 'मागोवा' म्हणा. कल्पना बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचीच. तो 660 आणि 940 नॅनोमीटरचा प्रकाश वापरतो. त्यात 800 च्या आसपासचा तिसरा प्रकाश जोडला, की जास्तीची घट कणांमुळे आहे हे वेगळं काढता येतं, कारण तिथे प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच शोषतं.

शब्दापेक्षा महत्त्वाचं म्हणजे 'औषध पोहोचल्याचा मागोवा' असं कुठे लिहू नका. हा प्रकाश रक्तातले कण मोजतो. कण कमी झाले म्हणजे ते कर्करोगाच्या गाठीत गेले असं नाही. यकृत आणि प्लीहा त्यांतले बरेच कण उचलतात.

—

मग हे कसं वाटतं: 'सोन्याचा थर असलेल्या सिलिका कणांचा रक्तातला मागोवा, प्रकाशाच्या मदतीनं'? लांब आहे, पण कळतं. 'अब्जांश' पहिल्या परिच्छेदात ढकलते. आणि प्रकाश विखुरला जातो त्याला 'विकिरण'च ना?

—

शालेय पाठ्यपुस्तकांत हो, आणि 'रेडिएशन'ला 'प्रारण'. पण हिंदीत 'विकिरण' म्हणजे रेडिएशन, आणि आपल्याकडेही तो अर्थ सर्रास घुसलाय. औषधाच्या लेखात रक्तातल्या कणांपाशी 'विकिरण' आलं की वाचक थेट किरणोत्सर्गाकडे जाणार. 'विखुरणं' लिहा.