बालवाडीतील साहित्य आणि आयातशुल्क

खेळण्यांवरील आयातशुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेल्याने लहान बालवाड्यांना चांगले शैक्षणिक साहित्य परवडेनासे झाले, हा काहीजण मांडत असलेला मुद्दा पूर्णपणे नाकारता येत नाही. परंतु चांगले साहित्य म्हणजे परदेशी साहित्य, हे त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हतीच. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच मोजणी, वर्गीकरण आणि स्पर्शज्ञान शिकवले. चिंचोक्यांची मूठ आणि सागरगोट्यांची मूठ डोळे मिटून ओळखणारे मूल पाहिले, की आयात केलेल्या ठोकळ्यांवाचून त्याचे काही अडले आहे असे वाटत नाही. जागेविषयीही तेच म्हणता येईल: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह (आयएसआय) सक्तीचे झाले, ते मला योग्यच वाटते, कारण तीन वर्षांचे मूल हातातली वस्तू आधी तोंडात घालते. त्यामुळेच सागरगोटे असोत वा ठोकळे, मुलांजवळ जाणत्या माणसाने बसलेच पाहिजे, आणि बालवाडीचा पैसा प्रथम त्या सेविकेच्या मानधनावर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.