नारळाच्या दुधातलं माशाचं सूप दर वेळी फुटतंय, नक्की कुठे चुकतंय?

सकाळची_भूक:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आईला नवीन कवळी बसवलीय, हिरड्या अजून दुखतात त्यामुळे चावून खायचं सगळं बंद. मासे म्हणजे तिचा जीव की प्राण, म्हणून म्हटलं नारळाचं दूध घालून माशाचं सूप करू, मऊ लागेल आणि पोटालाही आधार होईल. दोनदा केलं आणि दोन्ही वेळा तोच प्रकार. मी करते कसं ते सांगते. कांदा, आलं, लसूण थोड्या तेलात परतते, गवती चहाची पात ठेचून टाकते, मग नारळाचं दूध आणि पाणी, उकळी आली की माशाचे तुकडे, मीठ, वरून लिंबू पिळते आणि झाकण ठेवून १५ मिनिटं शिजवते. झाकण काढलं की वर तेलाचा तवंग, खाली पाणी आणि मधे पांढरे कण, अगदी नासलेल्या दुधासारखं दिसतं. मासा पार भुगा झालेला आणि त्यात बारीक काटे पसरलेले, ते वेचून देता देता सूप गार झालं, आईने चार चमचे खाऊन वाटी बाजूला ठेवली. खूप वाईट वाटलं मला. पहिल्यांदा दूध घरी काढलं होतं, दुसऱ्यांदा डब्यातलं वापरलं, डब्यातलं जरा कमी फुटलं पण फुटलंच. मासा बदलू का? की नारळाचं दूध घालायचंच नाही शेवटपर्यंत?

मंदआच:
मासा नंतर बघू, आधी क्रम बदला. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात पसरलेले तेलाचे बारीक थेंब, आणि त्या थेंबांना धरून ठेवतं नारळातलंच प्रोटीन. दूध खूप तापलं, म्हणजे साधारण ८० अंशांच्या पुढे गेलं, की हे प्रोटीन गोळा व्हायला लागतं आणि तेल सुटून वर येतं, त्यात खळखळ उकळी असली की अजूनच. आंबट घातलं तरी तसंच होतं. तुम्ही उकळी, लिंबू आणि बंद झाकण हे तिन्ही एकदम १५ मिनिटं दिलंत, कुठलंही दूध फुटणारच त्यात. डब्यातलं कमी फुटलं कारण बऱ्याच डब्यांमध्ये गवार गम वगैरे घातलेलं असतं, ते थेंब धरून ठेवायला मदत करतं, लेबलवर बघा.

मी असं करते: कांदा-आलं परतून त्यात नुसतं पाणी किंवा माशाचं पाणी घालायचं, ते हवं तेवढं उकळू दे, गवती चहाचा सगळा वास त्यातच उतरतो. मीठ पण आत्ताच. मग आच एकदम बारीक करून मासा, मासा होत आला की दूध, आणि दूध घातल्यावर भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की बास, मधोमध उकळी येऊ द्यायची नाही. झाकण अजिबात नको, झाकणाखाली कधी उकळतं ते कळतच नाही. लिंबू गॅस बंद करून दोन-तीन मिनिटांनी. दूध फ्रीजमधलं असेल तर आधी वाटीत दोन पळ्या गरम सूप घालून ढवळून घ्या, मग भांड्यात ओता.

खवणी_आणि_फडकं:
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर घालते. दूध घरी काढत असाल तर जाड आणि पातळ वेगळं ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे. एका मध्यम नारळाच्या खोबऱ्याला पहिल्यांदा एकच कप कोमट पाणी, मिक्सरमधून फिरवून फडक्यातून घट्ट पिळायचं, हे जाड दूध. उरलेल्या चोथ्यात दोन कप कोमट पाणी घालून परत पिळायचं, हे पातळ. गार पाणी नको, खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं त्यामुळे गार पाण्यात अर्धी साय चोथ्यातच राहते. पातळ दुधात तेल कमी असतं, ते पाण्याऐवजी सुरुवातीलाच घातलं आणि थोडं उकळलं तरी फारसा फरक पडत नाही. जाड मात्र अगदी शेवटी. त्यामुळे "दूध शेवटीच घाला" हे अर्ध्याच दुधाला लागू आहे असं मी म्हणेन, सगळंच शेवटी घातलं तर मासा आणि दूध एकमेकांत मुरतच नाही, पांढरं पाणी आणि त्यात मासा असं वेगवेगळं लागतं.

मंदआच:
हे बरोबर, डब्यातलं असेल तर माझ्यासारखं करा आणि घरचं असेल तर यांचं ऐका.

काटेकोर:
मला तुमच्या आईच्या काट्यांची जास्त काळजी वाटतेय, फुटलेलं सूप पोटाला काही करत नाही पण काटा घशात अडकला तर त्रास. सूपमध्ये काट्याचा तुकडा टाकूच नका. मासा घेतानाच काटे काढून नुसतं मांस करून घ्या आणि डोकं, मधला काटा घरी आणा. डोक्यातले कल्ले काढून टाकायचे, रक्त नीट धुवायचं (कल्ले आणि रक्त राहिलं की पाणी कडवट होतं), मग हे सगळं कांदा आणि थोडं आलं घालून मंद आचेवर २०-२५ मिनिटं, त्याहून जास्त नको. फडक्यातून गाळलं की झालं माशाचं पाणी, सूपची निम्मी चव इथेच येते. बांगड्यासारख्या तेलकट माशाचं पाणी करू नका, वास फार उग्र येतो.

आता मांस. प्रत्येक तुकड्यावरून बोट उलटसुलट फिरवा, काटा टोचतो बरोबर, तो चिमट्याने ज्या दिशेला झुकलाय त्याच दिशेला ओढायचा, उलटा ओढला तर मांस फाटतं. तुकडे जरा मोठे ठेवा, मीठ लावून १५ मिनिटं ठेवा, त्याने मांस घट्ट होतं. मासा १५ मिनिटं शिजवायची गरजच नसते. मटणाला वेळ लागतो कारण त्यातले चिवट धागे विरघळायला हवेत, माशात ते फार नाजूक असतात, लगेच सुटतात आणि मग पाकळ्या मोकळ्या होतात. इंचभर जाडीचा तुकडा मंद आचेवर ५-६ मिनिटांत होतो. काचेसारखा दिसणारा भाग पांढरा झाला आणि काट्याचमच्याने दाबल्यावर पाकळी सुटली की बास. ढवळायचं तर अजिबात नाही, भांडं कानाला धरून हलवायचं. रावस, सुरमई असलं घट्ट मांसाचं काही घ्या.

सकाळची_भूक:
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खरंच आभार. दोन शंका. आईला आंबट हवंच असतं, नंतर पिळलेलं लिंबू वरवर नाही ना लागणार? आणि समजा फुटलंच तर टाकून द्यायचं का?

मंदआच:
नाही लागत वरवर, उलट उकळलेल्या लिंबाचा वास उडून जातो आणि नुसता आंबटपणा राहतो. फुटलं तर मासा बाहेर काढून घ्या, सूप जरा निवू द्या आणि मिक्सरमधून फिरवा, बरंचसं एकजीव होतं. चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून लावलं तर टिकून राहतं, पण जास्त घातलं तर चिकट होतं.

सकाळची_भूक:
काल केलं!! रावस घेतला, काटे काढले (एका तुकड्यात सात निघाले, बोट फिरवलं नसतं तर एकही दिसला नसता), डोक्याचं पाणी केलं, पातळ दूध आधी आणि जाड शेवटी. कडेला बुडबुडे आले तशी गॅसपाशीच उभी राहिले, हललेच नाही. गुळगुळीत पांढरंशुभ्र सूप झालं, वर तवंगाचा टिपूसही नाही. आईने दोन वाट्या घेतल्या आणि तिसऱ्यांदा नुसतं पातळ मागितलं. थोडं उरलंय, फ्रीजरमध्ये टाकलं तर चालेल का?

खवणी_आणि_फडकं:
वा वा, वाचून बरं वाटलं! फ्रीजरमध्ये नको, गोठलेलं दूध वितळताना फुटतं आणि मासाही भुसभुशीत होतो. आज फ्रीजमधून काढून मंद आचेवर नीट गरम करा, उकळू देऊ नका आणि आजच संपवा. पुढच्या वेळी मासा आणि दूध घालायच्या आधीच अर्धं सूप बाजूला काढून ठेवा, तेवढं गोठवलं तर चालतं, मासा आणि दूध त्या दिवशी ताजं घालायचं.