जिनिंगच्या कार्यालयात फायरवॉल बसवली आहे. पुढची जोडणी कशी करावी?

प्रश्न (वणी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कार्यालयात पाच संगणक, वजनकाट्याचा स्वतंत्र संगणक, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि टॅलीचा डेटा असलेला मुख्य संगणक आहे. मागच्या हंगामात, ऐन आवक सुरू असताना, मुख्य संगणकावरच्या साऱ्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीचा मजकूर आला. हिशेबनिसांना घरून काम करता यावे म्हणून राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) 3389 हे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचे दार, उघडे ठेवले होते. शिरकाव तेथूनच झाला. अकरा दिवस काटापट्ट्या हाताने लिहिल्या आणि शेतकऱ्यांचे चुकारे रखडले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता केबल लावायचे चार पोर्ट असलेल्या पेटीवर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचे (आत-बाहेरची वाहतूक अडवणारे) सॉफ्टवेअर टाकून ती फायबरच्या मोडेमला जोडली आहे. हिशेबनिसांना घरून टॅली आणि मालकांना फोनवर कॅमेरे हवे आहेत. काय करावे?

उत्तर १

भाऊ, आधी मोडेमचे वायफाय बंद करा. लॅपटॉप आणि फोन त्याच वायफायवर राहिले, तर त्यांची वाहतूक फायरवॉलमधून जातच नाही आणि पेटी नुसती टेबलावर दिवे लावून बसते. वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट पेटीच्या आतल्या बाजूस लावा.

दुसरे म्हणजे, ओपीएनसेन्सचा आतला पत्ता मुळात 192.168.1.1 असतो आणि पुष्कळ मोडेमचाही तोच असतो. तसे असेल तर आतला पत्ता 192.168.50.1 असा काहीतरी वेगळा ठेवा.

कॅमेरे आणि वजनकाटा यांना पेटीच्या वेगवेगळ्या पोर्टवर घ्या. नव्याने जोडलेल्या पोर्टवर एकही नियम नसतो, म्हणून तेथून सर्व काही अडवलेलेच असते; जेवढे लागेल तेवढेच उघडा. डीव्हीआरला कार्यालयाच्या जाळ्यात येऊ देऊ नका. 2016 मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले होते.

उत्तर २

घरून टॅलीसाठी एकही पोर्ट थेट उघडू नये, असे माझे ठाम मत आहे. ओपीएनसेन्समध्ये वायरगार्ड, म्हणजे घरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्याचा सुरक्षित मार्ग (व्हीपीएन), आहे. हिशेबनिसांच्या लॅपटॉपची आणि मालकांच्या फोनची स्वतंत्र डिजिटल किल्ली तयार करा आणि बाहेरून फक्त वायरगार्डचे यूडीपी 51820 हे पोर्ट आत येऊ द्या. किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. कॅमेरेही मालकांनी त्याच मार्गाने पाहावेत.

मात्र त्याआधी पेटीच्या वॅन (इंटरनेटकडच्या) बाजूला कोणता पत्ता आला आहे ते पाहा.

प्रश्नकर्ता

वॅनवर 192.168.1.4 दिसतो. मोडेमच्या पानावर 100.72 ने सुरू होणारा पत्ता आहे.

उत्तर २

म्हणजे अडचणी दोन आहेत. मोडेम स्वतःच राउटरचे काम करत आहे, म्हणून सेवादात्याकडून तो ब्रिज मोडवर (राउटरचे काम न करता जोडणी नुसती पुढे देणारा) करून घ्या. शिवाय 100.64 ते 100.127 या टप्प्यातील पत्ता सेवादात्याच्या जाळ्यातला अंतर्गत असतो आणि बाहेरचा सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्या. त्याचे वेगळे शुल्क द्यावे लागते, पण या कामासाठी ते द्यावे.

उत्तर ३

मी स्वतः जिनिंगमध्ये आहे, म्हणून एवढेच सांगतो की पेटी पंख्याची असेल तर ती बदला. आमच्याकडे दोन महिन्यांत पंख्यावर रुईचा नमद्यासारखा थर बसला होता आणि पेटी तापून वारंवार बंद पडत होती. बिनपंख्याची पेटी यूपीएसवर, भिंतीला उंच लावा आणि मोडेमही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर वीज गेली की फायरवॉल चालू आणि इंटरनेट बंद अशी गत होते.

टॅलीची प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा, कारण लावून ठेवलेली डिस्कही त्याच हल्ल्यात कुलूपबंद होते. ओपीएनसेन्सच्या सेटिंगची फाइलही त्याच डिस्कवर उतरवून ठेवा.

प्रश्नकर्ता

मोडेमचे वायफाय आजच बंद केले, तर वजनकाट्याच्या संगणकाचे इंटरनेट गेले. तो इतके दिवस त्याच वायफायवर होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. उद्या त्याला केबल टाकतो.