अनुभव धागा: चर्चतर्फे परदेशात सेवेला गेल्यावरचे पहिले आठवडे

वसईकरीण

आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली, दोन मुलं यंदा निघाली आहेत, एक जर्मनीला आणि एक फ्रान्सला. व्हिसा, विमा, थर्मल कुठे स्वस्त मिळतात, सगळं त्यांनी केव्हाच शोधून ठेवलंय. पोहोचल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांबद्दल मात्र कोणी धड सांगत नाही. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा: काम काय दिलं, काय खाल्लं, कशाचा वैताग आला. श्रद्धेची साक्ष नको, तपशील हवा.

सुरुवात मीच करते. मी तेझेला होते. फ्रान्समध्ये बर्गंडीत, क्लूनीजवळचं एवढंसं गाव. ब्रदर रोजे १९४० मध्ये तिथे आले आणि त्यांच्याभोवती हा मठ उभा राहिला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ब्रदर एकत्र राहतात. उन्हाळ्यात जगभरची पोरं लोटतात, बहुतेक रविवार ते रविवार. जास्त दिवस राहणारे आम्ही स्वयंसेवक म्हणजे तिथले हातपाय. मला आधी संडास मिळाले, मग स्वयंपाकघरातली पातेली. 'प्रार्थनेची तयारी' वगैरे काम मिळेल म्हणून गेलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. घंटा झाली की हातातला घासणा तिथेच टाकून चर्चमध्ये जायचं, दिवसातून तीनदा. जमिनीवर बसायची आपल्याला सवय, युरोपातल्या पोरांच्या पायांना मुंग्या येतात. प्रार्थनेच्या मधोमध बराच वेळ शांतता असते. आमच्याकडे मिस्सात एवढा वेळ कोणी बोललं नाही तर लोक माइक तपासायला उठतील.

जेवायला फक्त चमचा. सुरी नाही, काटा नाही. चहा वाडग्यात. सकाळी पाव, लोणी आणि चॉकलेटची कांडी. सगळ्यात जड गेला तो रविवार. आठवडाभर ज्यांच्याबरोबर पातेली घासली, गप्पा मारल्या, ती सगळी बसमध्ये बसून जातात आणि संध्याकाळी नवी बस येते. 'तू कुठली? भारत? कुठे?' पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मला नावं लक्षात ठेवायचाच कंटाळा आला होता. यावर उपाय एकच, राहणाऱ्यांमधली एक-दोन माणसं लवकर गाठून ठेवा.

नगरी

सलाम. मी जर्मनीत श्टुटगार्टच्या बाजूला, चर्चच्या वृद्धाश्रमात होतो. ज्या योजनेतून गेलो तिचा इतिहास मला तिथे गेल्यावर कळला. पूर्वी ज्या मुलांना लष्करात जायचं नसे ती सक्तीची नागरी सेवा करायची, इस्पितळात, वृद्धाश्रमात. २०११ मध्ये सक्तीची लष्करसेवा थांबली, तिच्याबरोबर तीही थांबली आणि त्याच वर्षी स्वेच्छेने करायची ही सेवा सुरू झाली. राहायला खोली, जेवण, विमा आणि हातखर्चाला थोडे पैसे. वर्षातून २५ दिवस सेमिनार.

भाषा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात शिकलो होतो, पास पण झालो होतो. तिथल्या आज्या-आजोबा मात्र श्वाबिश बोलतात, म्हणजे तिथली बोली. पहिल्या सकाळी एका बाईंनी मला काहीतरी विचारलं, मी हसून 'या, या' (म्हणजे हो, हो) म्हणालो, त्या चिडल्या. नंतर नर्सने सांगितलं, त्या म्हणत होत्या, 'दार लाव, गार वारा येतोय.'

सुरुवातीला काम म्हणजे पाव कापणं, लोणी लावणं, ट्रे भरणं आणि पाणी दाट करणं. हे मला आधी माहीतच नव्हतं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना साधं पाणी ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून त्यात पावडर घालून ढवळायचं आणि थोडं थांबायचं, मग ते खिरीसारखं होतं. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, भिंतीवर यादी. मी ग्लास धरायचो आणि घोट गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. एका ग्लासाला पंधरा मिनिटं. नगरला आमच्या आजीला आम्ही असं कधी पाणी पाजलं असेल असं वाटत नाही, तांब्या हातात देऊन मोकळे.

नाव घेऊन किंवा लाडाने हाक मारायची नाही. 'फ्राऊ' (श्रीमती) आणि आडनाव, शेवटपर्यंत. सुरुवातीच्या दिवसांतच एक आजोबा गेले. नर्सने आधी खिडकी उघडली, टेबलावर मेणबत्ती लावली आणि मला विचारलं, अंघोळ घालताना थांबायचंय का, की बाहेर जायचंय. दोन्ही चालेल, म्हणाली. मी थांबलो.

आणखी एक. पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो, कारण चर्चचा कर सरकारच आयकराबरोबर वसूल करतं. आपल्याकडे उपासनेत दानाची पिशवी फिरते, तिथे ती कराचं कार्यालय फिरवतं. रविवारच्या उपासनेला मात्र पहिल्या तीन बाकांपुरतीच माणसं, तीही माझ्या आजीच्या वयाची. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-अंडी भरून ठेवा.

एका मुलीची आई, नालासोपारा

माझी लेक फोनवर फक्त ताट दाखवायची. 'मम्मी, हे बघ, संध्याकाळी सहा वाजता थंड जेवण, पाव आणि चीज.' चेहरा दाखव म्हटलं की नेटवर्क जायचं. एके दिवशी तिने लोणच्याची बरणी कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, कॉंगोची रूममेट अर्धी संपवून बसलीय. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आयांनो, रोज फोन करू नका. पोरं रडायची थांबतात ती आपण फोन ठेवल्यावरच.

तासमोजे

वर सगळं छान छान चाललंय म्हणून लिहितो. संस्थेचं नाव घेत नाही. माझ्याकडे स्वयंपाकघरातल्या एका बाईंची रजा आली आणि त्यांची कामाची पूर्ण पाळी माझ्या अंगावर टाकली. 'तू सेवेला आला आहेस ना?' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. नगरीने लिहिलेल्या योजनेत नियम स्पष्ट आहे: स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा भरायची नाही, हाताखाली मदत करायची. करारात तास लिहिलेले असतात. पहिल्याच आठवड्यात ते वाचा, भाषा येत नसेल तर कोणाला तरी वाचायला लावा आणि पाठवणाऱ्या संस्थेच्या समन्वयकाचा नंबर फोनमध्ये ठेवा. मी फोन केला, दोन दिवसांत पाळ्या बदलल्या. कोणी रागावलं नाही. मी उगाच पापी वाटून घेत बसलो होतो.

सोलापूरकर

मी इंग्लंडमध्ये एका पॅरिशच्या फूड बँकेत होतो. लोक व्हाउचर घेऊन येतात, तीन दिवस पुरेल एवढं सामान मिळतं: डबाबंद बीन्स, पास्ता, दूध, चहा. मला वाटलं पिशव्या भरायचं काम देतील. दिलं चहाच्या टेबलावर बसण्याचं. येणाऱ्याला चहा द्यायचा आणि बोलत बसायचं. माझं इंग्रजी सोलापुरी, त्यांचं यॉर्कशायरचं, दोघंही हवामानावर बोलायचो.

पिशवी देण्याआधी विचारायचं, 'घरी शेगडी चालू आहे का?' काहींकडे नसते, वीज परवडत नाही, फक्त किटली असते. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी, उकळतं पाणी ओतलं की झालं असं सगळं. इंग्लंडबद्दल मी जे काय डोक्यात घेऊन गेलो होतो त्यात ही पिशवी नव्हती.

वसईकरीण

सगळ्यांचे आभार, मुलं वाचतायत. जर्मनीवाल्याने विचारलंय, मसाला किती न्यावा आणि चपला लागतात का?

नगरी

मसाला पाव किलो पुरे, श्टुटगार्टमध्ये भारतीय दुकानं आहेत. चपला नक्की ने. बाहेरचे बूट घालून घरात शिरलास तर घरमालकीण प्रेमाने पण लगेच थांबवेल.