निऑन म्हणून आणले, चार वेगळेच दिसतायत. जात कुठली की आजार?

नमस्कार मंडळी, मी कोपरखैरण्याची. दोन फुटी टँक आहे, हीटर नाही, तळाला बदामाची वाळकी पानं. गणपतीत ठाण्याच्या एका दुकानातून दहा निऑन टेट्रा मासे आणले. त्यातले चार अगदी बारके, जेमतेम पाऊण इंच. दुकानदार म्हणाला, "ताई, पिल्लं आहेत, वाढतील." दीड महिना झाला, पोटं टम्म, पण वाढ काही नाही.

सकाळी दिवा लावायच्या आधी सगळेच फिके असतात, ते ठाऊक आहे. पण दिवा लावून अर्धा तास झाला तरी या चौघांचा लाल रंग धुतल्यासारखाच. निळी पट्टी मात्र हिरवट आणि झगझगीत. लेक म्हणतो निऑन डिसीज. सासूबाईंच्या मते मी पाणी फार बदलते. फोटो काढायला गेलं की चौघंही मॉसमध्ये गुडुप, म्हणून फोटो नाही.

*प्रतिसाद:*
ग्रीन निऑन असावेत, पॅराकायरोडॉन सिम्युलन्स. ते इंचाच्या आतलेच राहतात. मूळचे ओरिनोको आणि रिओ निग्रोच्या खोऱ्यातले. पाठीवरच्या मोठ्या फिनमागे एक इवलासा फिन असतो, तो बघा. साध्या निऑनची निळी पट्टी तिथवरच संपते, ग्रीनची थेट शेपटीच्या मुळाशी जाते. कार्डिनल (निऑनसारखेच दिसणारे टेट्रा) नव्हेत, त्यांचा लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत ठसठशीत असतो. ऑक्टोबरच्या उकाड्याचं ग्रीनला काही वाटत नाही, साध्या निऑनला थोडं गारच बरं.
आजारात रंग सगळीकडे सारखा उतरत नाही. अंगात पांढरट डाग पडतो, मासा थवा सोडतो, पुढे पाठ वाकते. त्यावर खात्रीचं औषध नाही.

*धागाकर्ती:*
लेकाच्या भिंगातून तासभर बघितलं. तिघांची पट्टी शेपटीपर्यंत, म्हणजे ग्रीनच! चौथ्याची मात्र मध्येच संपते, आणि पाठीच्या फिनखाली तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग आहे. आता आठवलं, कालपासून तो फिल्टरमागे एकटाच असतो. बरणीत वेगळा काढलाय. बाकीच्या नऊ जणांसाठी आत्ता काही करायला हवं का? जाळी एकच आहे, ती दोन्हीकडे वापरली तर चालेल?

*प्रतिसाद:*
जाळी अजिबात नको, दुसरी घ्या. आणि एखादा मेला तर लगेच बाहेर काढा, बाकीच्यांनी कुरतडला की लागण तिथूनच होते.