मदत हवी आहे: कॅनडा पीआर (कायमचं वास्तव्य), बंद पडलेल्या हॉस्पिटलचं अनुभवपत्र कुठून आणायचं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. एम.एस्सी. नर्सिंग झालंय, सध्या इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काम करते. नवरा, चार वर्षांची मुलगी आणि मी, असा आमचा कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीचा, म्हणजे गुणांवर निवड होणाऱ्या पद्धतीतला, अर्ज आहे, फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या योजनेतून. मुख्य अर्जदार मी. गेल्या आठवड्यात आरोग्य क्षेत्राच्या फेरीत आयटीए आलं, म्हणजे पूर्ण अर्ज भरायचं निमंत्रण. आता ६० दिवसांत सगळे कागद अपलोड करून फी भरायची आहे. मुदतवाढ मिळत नाही.

बाकीचं मार्गी लागतंय. आयईएलटीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा झालेली आहे, चारही विभागांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ९ किंवा वर. आरोग्य विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट पाठवल्यावर वेस या संस्थेचा ईसीए अहवालही, म्हणजे आपल्या पदवीचं कॅनडासाठीचं मूल्यमापन, हातात आला. पीसीसीसाठी, म्हणजे पोलिसांच्या दाखल्यासाठी, दोघांनी पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेतली आहे. ऑगस्ट २०२५ पासून मेडिकल आधीच करून अर्जासोबत जोडावं लागतं, त्यासाठी कॅनडाने नेमलेल्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडे मुंबईला जाऊन येऊ. गाडं अडलंय ते एका पत्रापाशी.

माझा कामाचा इतिहास असा: २०१६ च्या शेवटापासून १४ महिने पुण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये. मग एम.एस्सी. मग २०२० पासून जवळजवळ तीन वर्षं नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये. २०२३ मध्ये तिथल्या भागीदारांत वाद झाले आणि ते बंद पडलं. त्यानंतर आताची नोकरी, तिला अडीच वर्षं झाली. पुण्याचं आणि आताचं पत्र व्यवस्थित मिळालंय. मधल्या हॉस्पिटलचं काय करायचं ते कळत नाही.

कॅनडाला नुसतं 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत स्टाफ नर्स होत्या' असं लिहिलेलं चालत नाही. लेटरहेडवर पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क, हे सगळं लागतं. माझ्याकडे नियुक्तिपत्र आहे, काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आहेत, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक आहे. रिलीव्हिंग लेटर आहे, पण त्यात फक्त तारखा आणि 'वर्तणूक चांगली' एवढंच. दोन भागीदारांपैकी एक फोन उचलत नाहीत. दुसरे म्हणतात, 'प्रकरण कोर्टात आहे, मी कशावरही सही करणार नाही.' आमच्या मेट्रन मॅडम आता साताऱ्याला असतात, त्या मात्र स्वतःहून म्हणाल्या, 'माझ्या नावाने प्रतिज्ञापत्र करून देते, काय काय लिहायचं ते सांग.'

हे पत्र मला एवढं का हवंय तेही सांगते. एप्रिल-मे २०२१ मध्ये आम्ही त्याच हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात होतो. ऑक्सिजनचा टँकर किती वाजता पोचेल त्यावर रात्रपाळीचा हिशेब ठरायचा. पीपीई किट चढवलं की सहा-सहा तास पाणी नाही. व्हेंटिलेटर हाताळायला मी खऱ्या अर्थाने तिथे शिकले, नव्या मुलींना शिकवलंही तिथेच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोलाचं काम ते आहे, आणि नेमका त्याचाच कागद नाही.

इथल्या एका एजंटने सांगितलं, 'जुनं लेटरहेड तुमच्याकडे असेलच, नसेल तर आम्ही छापून घेतो. शिक्का, सही सगळं होईल, वीस हजार द्या.' मला हे करायचं नाही. पण नवऱ्याचे काही मित्र 'सगळेच करतात' असं म्हणतायत आणि घरात त्यावरून रोज बोलणं निघतं. कुणी नीट समजावून सांगाल का?

दोन छोटे प्रश्न आणखी. डिग्री आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला पुरतो की नाव बदलल्याचं गॅझेट लागेलच? आणि तिकडे स्थिरावण्यापुरते पैसे आहेत हे दाखवायला तिघांसाठी २३,३६० कॅनडियन डॉलर दाखवायचे आहेत. आमच्या दोघांच्या एफडी आहेत, माझा पीएफ आहे, आणि सासऱ्यांनी यंदा द्राक्षाचे आलेले पैसे दोन महिन्यांपूर्वी आमच्या खात्यात टाकलेत. यातलं काय धरतात?

आणि अर्ज गेल्यावर किती थांबावं लागतं? मुलीच्या शाळेची फी भरायची की नाही, इथपासून सगळं त्यावर अवलंबून आहे.

चाफा
ताई, आधी एजंटचं. अजिबात नको. खोटा कागद सापडला तर त्याला मिसरिप्रेझेंटेशन (खोटी माहिती देणं) म्हणतात आणि पाच वर्षं अर्जच करता येत नाही. अधिकारी हॉस्पिटलच्या पत्त्यावर फोन-मेल करून पडताळणी करतात. २०२३ मध्ये बंद पडलेल्या हॉस्पिटलचं आजच्या तारखेचं पत्र गेलं तर तिथेच उघडं पडेल. पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार कॅनडात फक्त परवाना असलेल्या सल्लागारांना आणि वकिलांना आहे. सल्लागारांची यादी त्यांच्या 'कॉलेज' नावाच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येते. नवऱ्याच्या मित्रांना तीच दाखवा आणि विचारा, हा माणूस यात आहे का?

पैलतीर
मी २०१९ ला याच वाटेने एडमंटनला आलो, नंतर चार-पाच ओळखीच्यांचे कागद लावून दिले. तुमचा प्रश्न वाचून मला आधी वेगळंच विचारावंसं वाटतं. ते पत्र तुम्हाला गुणांसाठी हवंच आहे का?

हिशेब करून बघा. सीआरएसमध्ये, म्हणजे एक्सप्रेस एंट्रीच्या गुणपद्धतीत, परदेशातला अनुभव आणि सीएलबी ९ भाषा यांच्या जोडीला एक-दोन वर्षांचे २५ गुण मिळतात, तीन किंवा जास्त वर्षांचे ५०. तीन वर्षांनंतर चौथं, पाचवं, सहावं वर्ष काही वाढवत नाही. तुमचे पुण्याचे १४ महिने आणि आताची अडीच वर्षं मिळून साडेतीनच्या वर जातात. दोन्ही पूर्णवेळ, दोन्ही नर्सचंच काम, दोन्ही गेल्या दहा वर्षांतली, दोन्हींची पत्रं हातात. म्हणजे मधली तीन वर्षं काढली तरी ५० चे ५० राहतात.

दुसरी चाळणी फेडरल स्किल्ड वर्करच्या पात्रतेची, ६७ गुणांची. तिथे अनुभवाचे वर्षांनुसार गुण आहेत: दोन-तीन वर्षांना ११, सहा किंवा जास्त वर्षांना १५. तुमचे भाषेचे २४, मास्टर्सचे २३, वय ३५ च्या आत असेल तर १२, आणि अनुभवाचे ११ धरले तर ७० होतात. ६७ लागतात. पार आहात.

तेव्हा फॉर्ममध्ये 'वर्क हिस्टरी' या भागात फक्त पुण्याची आणि आताची नोकरी ठेवा, कारण त्या भागातल्या प्रत्येक नोंदीला पूर्ण पत्र मागतात. मधली नोकरी 'पर्सनल हिस्टरी'त लिहा. तिथे दहा वर्षांचा इतिहास सलग लागतो, एका महिन्याचीही फट नको, पण पत्र नसलं तरी चालतं. एक काळजी घ्या. बदल केल्यावर गुण पुन्हा मोजले जातात. आकडा तुमच्या फेरीच्या मर्यादेखाली गेला नाही ना, हे बघूनच सबमिट करा.

मोगरी
पैलतीर यांचं बरोबर आहे. फक्त ताई, भाऊ-बहीण कोणी कॅनडात आहे का? त्याचे १५ गुण घेतले असतील तर त्याचेही कागद लागतील, आणि लोकांचं तिकडे हमखास दुर्लक्ष होतं. तुमचा आणि त्याचा जन्मदाखला, दोन्हींवर आई किंवा वडिलांचं नाव जुळायला हवं. शिवाय त्याचं पीआर कार्ड किंवा नागरिकत्वाचा पुरावा, आणि तो सध्या तिथेच राहतो हे दाखवणारं भाडेपत्र किंवा वीजबिल. आमच्याकडे एका दाखल्यावर आईचं नाव 'सुमन' होतं, दुसऱ्यावर 'सुमनबाई'. दोन्ही एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, काही शंका आली नाही.

माहेर-सासरच्या नावाचं: माझ्या बाबतीत विवाह नोंदणीचा दाखला पुरला. त्यावर दोन्ही नावं स्पष्ट दिसत होती. फॉर्ममध्ये 'पूर्वी वापरलेलं नाव' विचारतात, तिथे माहेरचं नाव लिहायला विसरू नका.

धागाकर्ती
मी काल रात्री नवऱ्याबरोबर बसून पुन्हा आकडे घातले. पैलतीर दादा, तुम्ही म्हणता ते खरं निघालं, गुण तेवढेच राहतात! अनुभव जितका जास्त दाखवू तितकं बरं, असंच आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. एजंटचा विषय घरात संपला.

मन मात्र लगेच तयार होत नाहीये. ती तीन वर्षं 'वर्क हिस्टरी'त नसणार म्हणजे कुणाच्या डोळ्यांसमोर येणारच नाहीत, असं वाटत राहतं. मेट्रन मॅडमनी प्रतिज्ञापत्र करायला घेतलंय, ते तरी जोडू का?

मोगरी ताई, भाऊ कॅल्गरीला आहे आणि त्याचे १५ गुण घेतलेत. त्याच्या जन्मदाखल्याचा विचारच डोक्यात नव्हता, फार आभार.

पैलतीर
जोडा ना. एका पानाचं स्पष्टीकरणपत्र लिहा: हॉस्पिटल बंद झालं, म्हणून नियमाप्रमाणे पत्र मिळू शकत नाही, या नोकरीचे गुण मागत नाही, पण माहिती पूर्ण असावी म्हणून हे पुरावे देत आहे. त्याखाली नियुक्तिपत्र, रिलीव्हिंग, फॉर्म १६, पीएफ पासबुक आणि मॅडमचं प्रतिज्ञापत्र एकाच पीडीएफमध्ये. मॅडमना त्यांच्याच शब्दांत लिहू द्या. त्या तुमच्या वरिष्ठ होत्या, कोणत्या काळात, तुम्ही रोज काय करायचात. कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली पत्रं अधिकाऱ्यांच्या लगेच लक्षात येतात. मॅडमचं ओळखपत्र आणि त्या तिथे मेट्रन होत्या याचा एखादा कागदही लावा.

आणि ते प्रतिज्ञापत्र जपून ठेवा. इथे आल्यावर नर्सिंगचा परवाना वेगळा काढावा लागतो, तिथे तुमच्या कामाचा इतिहास पुन्हा विचारतील. त्या हॉस्पिटलमधली ती तीन वर्षं नोकरीच्या मुलाखतीतही तुम्हाला सांगायची आहेत. इथल्या हॉस्पिटलांना तशा नर्सेस हव्या आहेत.

पैशांचं: मुदतीआधी मोडता येणारी एफडी चालते. पीएफ धरू नका, तो लगेच हातात येत नाही. घर-जमिनीची किंमतही धरत नाहीत. उसने पैसे चालत नाहीत, म्हणून सासऱ्यांचे पैसे परत करायचे नाहीत असं बक्षीसपत्र करून घ्या, त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट आणि व्यापाऱ्याच्या पट्ट्या जोडा. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि तुमच्यावरची कर्जं, हे सगळं यायला हवं. शाखेत नमुना छापूनच न्या, नाहीतर नुसतं बॅलन्स सर्टिफिकेट हातात ठेवतात. आणि २३,३६० ला काठावर राहू नका. हा आकडा दरवर्षी बदलतो, डॉलरचा भावही हलतो.

दूरदेशी
थांबण्याबद्दल मी लिहिते, आमचं नुकतंच झालंय. सबमिट केल्यावर एओआर येतं, म्हणजे अर्ज पोचल्याची पोच. बायोमेट्रिकचं पत्र आलं की व्हीएफएसच्या व्हिसा केंद्रात जाऊन ठसे द्यायचे. त्यानंतर खात्यात 'मेडिकल पूर्ण' दिसतं आणि मग बरेच दिवस काहीच हलत नाही. सहा महिने हे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यानेच ठरवलेलं प्रमाण आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही होतं. मधे जास्तीचा कागद मागितला तर दिलेल्या मुदतीत द्यायचा, म्हणून मेल रोज बघा, स्पॅमसुद्धा.

शाळेची फी भरा. नोकरीचा राजीनामा पासपोर्टची मागणी येईपर्यंत देऊ नका. घर, गाडी विकू नका. त्या महिन्यांत आमच्या घरात प्रत्येक गोष्ट 'निकाल लागला की बघू' म्हणून लांबणीवर पडली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा. तसं होऊ देऊ नका. जे करायचं ते करत राहा. पत्ता, नोकरी, पासपोर्ट बदलला किंवा घरात बाळ आलं तर वेबफॉर्मवर लगेच कळवा. बाळाचं तर नक्कीच, कारण अर्जात न दाखवलेल्या मुलाला पुढे बोलावून घेणं फार अवघड होऊन बसतं.

सहा महिने उलटून गेले आणि काहीच कळलं नाही तर तुमच्या संमतीने भाऊ कॅल्गरीहून त्या खात्याकडे माहितीचा अर्ज करू शकेल. फी पाच डॉलर. फाइल कोणत्या टप्प्यावर आहे ते त्यात दिसतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडमशी आत्ताच बोलले, त्या सोमवारी साताऱ्यात नोटरीकडे जाणार आहेत. सासरे बक्षीसपत्राला तयार आहेत, व्यापाऱ्याच्या पट्ट्या त्यांनी जपून ठेवल्यात.

आता राहिला भावाचा जन्मदाखला. तो येवल्याजवळच्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा आहे, पूर्ण मराठीत. इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र सोबत लागतं, असं वाचलं. नाशिकमध्ये असं काम करून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या आठवड्यात मेडिकलसाठी मुंबईला जायचंय, त्याआधी हे उरकलं तर बरं.